बिराप्पाची गोफण आणि माझं मनगट

हे सगळं असंच घडलं का, याची मला आता खात्री नाही. साल एकोणीसशे तीस असेल, बत्तीसही असेल. गणितात एम. ए. झालेल्या माणसानं असं बोलू नये. पण किस्से वर्षानुवर्षं सांगत राहिलं, की एका गाठोड्यातल्या ओल्या कपड्यांसारखा एकाचा रंग दुसऱ्याला लागतो. तेव्हा जरा जपूनच ऐका.

सोलापुरात होटगीच्या वाटेवरच्या माळावर आमचं गोल्फ चालायचं. खेळणारे तिघं: गिरणीतल्या विणकाम खात्याचे गोरे साहेब, गावातले डॉक्टर, आणि साहेबांना मराठी शिकवणारा मी, हायस्कुलातला मास्तर. माळावर बिराप्पा धनगराची मेंढरं चरायची. साहेबांनी त्यालाच राखणदार नेमलं. गवत कापायला वेगळा माळी नको!

*

गवत तरी कुठलं? चेंडू ज्या भोकात घालायचा त्याच्याभोवतीचं आमचं 'ग्रीन' म्हणजे वाळूत मशीनचं तेल कालवून केलेला काळा गोल. एकदा एक मेंढी ऐन भोकावर बसली.

"बिराप्पा, ही मेंढी उचल!" साहेब ओरडले.

"गाभण हाय, सायेब. तुमीच जरा थांबा की!"

साहेब थांबले. टोपी काढून थांबले!

*

माझं दुखणं मनगटाचं. क्लब, म्हणजे चेंडू मारायची काठी, खाली येताना मनगट आधीच सुटायचं, क्लबचं डोकं हातांच्या पुढं धावायचं आणि चेंडूऐवजी मुरूम उडायचा. "इम्पॅक्टला हात पुढं, क्लब मागं!" साहेब दर रविवारी सांगायचे. बिराप्पा शांतपणे विचारायचा, "मास्तर, पेरनी करताय जनू?"

मी चार पानं गणित करून क्लबचा नेमका अँगल काढला आणि डॉक्टरांना दाखवला. त्यांनी चारही पानं वाचली आणि माझी नाडी धरली.

"उत्तर बरोबर आहे ना?"

"नाडी जलद आहे. खेळायच्या आधी हे वाचत जाऊ नका!"

*

शेवटी बिराप्पानं कमरेची गोफण काढली, गरगर फिरवली. दगड सुटला आणि पलीकडच्या ज्वारीवरून पाखरांचा थवा उठला.

"दोरी कधी सोडायची? कितव्या अंशाला?" मी विचारलं.

"ह्ये हाताला ठावं असतंय. तुमी त्येला लई इचारता, मग त्यो घाबरतोय."

मी इतक्या परीक्षा दिल्या. माझ्याबद्दल इतकं खरं कुणी लिहून दिलं नव्हतं.

*

आणि एका सकाळी मी हाताला काही विचारलं नाही. हात पुढं आले, क्लब मागून आला, मनगट आपलं आपण सुटलं. हाताला धक्का म्हणून बसला नाही. नुसता आवाज आला, कोरडा, एकच. डोळ्यांवर ऊन होतं. चेंडू मला दिसलाच नाही.

"गेला! हिरीवरनं गेला, मास्तर!" बिराप्पा नाचायचाच बाकी होता.

त्या विहिरीपर्यंत साहेबांचाही चेंडू कधी पोचला नव्हता. आम्ही बराच वेळ शोधलं. सापडला नाही.

"बिराप्पा, मास्तरांनी आज चहा पाजलेला दिसतोय!" डॉक्टर म्हणाले. साहेब हसले.

बिराप्पा माझ्याकडं वळला. "मास्तर, तुमी तरी सांगा की. खोटं बोलतोय व्हय मी?"

"उन्हामुळं मला दिसलं नाही," एवढंच मी म्हणालो. मनात म्हटलं, याला माझी दया आली, म्हणून हा असं सांगतोय.

पुढच्या रविवारी मी गेलो नाही. नंतरही नाही. बिराप्पा दोनदा शाळेच्या फाटकापर्यंत आला. मी शिपायाकडून 'वर्ग चालू आहे' असा निरोप दिला. मग दुसऱ्या गावी नोकरी लागली. अजून फिरायला निघालो की हातातली काठी नकळत मागं जाते, आणि मी त्या आवाजाची वाट बघतो.

*

निवृत्त झाल्यावर एकदा सोलापूरला गेलो. साहेब कधीच विलायतेला गेले होते. बिराप्पाही राहिला नव्हता. माळ नांगराखाली आला होता. विहिरीजवळच्या वस्तीवर पाणी मागितलं. घरधनी तांब्या आणायला आत गेला, तेव्हा समोरच्या देवळीत दिव्याशेजारी शेंदूर फासलेला एक गोल दिसला.

"नांगराला लागला," माझी नजर बघून तांब्या देताना तो म्हणाला. "अंगावर खूण हाय, म्हनून पुजतो. तुमी शिकलेलं दिसता. कंचा देव ह्यो?"

शेंदराखाली π कोरलेला होता. माझ्या प्रत्येक चेंडूवर मी चाकूच्या टोकानं कोरायचो तो.

"कुठं सापडला?"

त्यानं जागा दाखवली. मी विहिरीच्या कठड्यापासून पावलं मोजली. दोनदा मोजली. विहिरीच्या पलीकडं, बावीस.