पाळण्याची चाल

शेवटचं म्हणाल तर आम्ही दोघांनी मटार सोलले. देवासचं आमचं घर, मागच्या अंगणात ऊन, मधे परात. मालती पाळण्याची एकच ओळ परत परत म्हणत होती, पुढचं काही येईना. शेवटी शेंगा बाजूला सारून म्हणाली, "अहो, आजीची चाल गेली माझी. त्या पिक्चरवाल्याला मी दिली ती तुमची आहे. उद्या फोन करून सांगा त्याला."

मी म्हटलं, राहू दे. चहा ठेवायला उठली ती ओट्यापाशीच बसली... परत उठली नाही. महिना होत आला.

मालती धारची. तिची पणजी तिथल्या राजवाड्यात बाळंतिणींजवळ असायची, पाळणा तिथला, आजीकडून तिच्याकडे आलेला. मी आठवी नापास, लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवणारा. थोरल्याच्या बारशाला ती पाळणा म्हणायला लागली, तर मी बायकांसमोर म्हणालो, हा पाळणा आहे का मर्तिकाचं गाणं? आणि तोच पाळणा क्लॅरिनेटवर माझ्या चालीत वाजवून दाखवला. बायका हसल्या. तीही हसली. पुढं जन्मभर तिनं माझीच चाल म्हटली, लेकरांना आणि नातवंडांनाही.

दिवाळीनंतर मुंबईहून एक संगीतकार आला. मराठेशाहीवरचा पिक्चर, त्यात राणी पाळणा म्हणते, आणि त्याला चाल त्या काळचीच पाहिजे. सोबत पेटी आणलेली. मालतीनं ती आधी बंद करायला लावली. तेव्हा राजवाड्यात कुठली आली पेटी, म्हणाली. तो पायाच पडला. रेकॉर्ड करून म्हणाला, आजी, पिक्चरमध्ये तुमचाच आवाज ठेवणार. शेजारचा गोपाल रोज चिडवायचा, "भिया, भाभी तो हिरोईन हो गई." ती लाजायची. मला पहिल्या ओळीलाच कळलं होतं, ही चाल माझी. एरवी तोंडावर बोलणारा माणूस मी, पण तेव्हा गप्प राहिलो. सत्तरी उलटलेल्या बाईला कुणी पहिल्यांदा काही विचारलं होतं...

ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी घर माणसांनी भरलेलं. मी अंगणात जाऊन त्या संगीतकाराला फोन लावला, सगळं सांगितलं. तो मग म्हणाला, काका, असं असेल तर हे नाही घेता येणार. आजींचा आवाजही नाही. मी म्हटलं, नको घेऊस.

जुनी चाल आता कुणाला येत असेल, त्यानं विचारलं.

"तिलाच येत होती," मी म्हणालो. "मी हसलो तिला."