नसीमाचे निळे-पिवळे त्रिकोण

नसीमा गेल्याचं तिच्या दिराने फोनवर सांगितलं, तेव्हा मी पेणच्या बाजारात भाजी घेत होते. "भाभी गेली... हार्ट अ‍ॅटॅक," एवढंच त्याला बोलता आलं. आदल्याच रविवारी ती रोह्याहून गाडीने माझ्याकडे आली होती, माझ्या मुक्ताच्या दहावीच्या निकालाचे पेढे खाऊन गेली होती.

रोह्याला कॉलेजात आम्ही एका बाकावरच्या. पुढे ती लग्न होऊन तिथेच नदीपलीकडे, अष्टमी गावात गेली. नवरा, सलीमभाई, कुवेतला. मी पनवेलला. सात वर्षांपूर्वी माझा संसार मोडला आणि आठ वर्षांच्या मुक्ताला घेऊन मी पेणमध्ये भाड्याच्या दोन खोल्यांत आले. बाहेरच्या खोलीची एक भिंत ओलीने फुगलेली, पोपडे सुटलेली. मुक्ता एकाही मैत्रिणीला घरी आणेना. "हे आपलं घर नाय," म्हणायची.

नसीमाच्या कानावर हे गेलं आणि पुढच्या रविवारी ती दोन पिशव्या घेऊन दारात हजर! दीर रंगकाम करायचा. त्याच्याकडचे उरलेसुरले डबे आणि जुना रोलर तिने उचलून आणला होता. मी म्हटलं, "भाड्याच्या भिंतीला कशाला गो एवढं?"

"ऱ्हातेस ना तू हितं? मग भिंत तुझीच."

मला वाटलं, संध्याकाळपर्यंत होईल. पण तिने त्या दिवशी नुसती भिंत खरवडली. मालकाच्या मागे लागून गच्चीची भेग बुजवून घेतली, भिंत पंधरा दिवस सुकू दिली. मग पुट्टी, प्रायमर, आणि शेवटी रंग अडवायच्या चिकट टेपचं रीळ तिने मुक्ताच्या हातात दिलं. "त्रिकोण तू पाड. तुला हवे तसे." पोरगी दुपारभर स्टुलावरून उतरली नाही. पिवळा रंग अर्ध्यावर संपला, तर नसीमाने निळ्यात पांढरा कमी-जास्त मिसळून तीन छटा केल्या. टेप ओढल्यावर मुक्ता आनंदाने किंचाळलीच... एका कोपऱ्यात रंग टेपखाली शिरला होता, तिथे आम्ही कॅलेंडर लावलं. दुसऱ्या दिवशी शाळेतून येताना तिच्यासोबत दोन मैत्रिणी होत्या.

नसीमाचा चाळिसावा झाल्यावर आम्ही मायलेकी अष्टमीला गेलो. सलीमभाई कायमचे परत आले होते. नसीमाने तेव्हा कुवेतला पाठवलेला आमच्या भिंतीचा फोटो त्यांनी मोबाईलवर दाखवला. खाली तिने लिहिलं होतं, 'तुम्ही आलात की आपली पण रंगवू.' तिच्या स्वतःच्या भिंती पांढऱ्याच होत्या. "महिन्याच्या सुट्टीवर यायचो, पाहुण्यांतच संपायची," ते म्हणाले. "ऱ्हाऊनच गेलं." कोपऱ्यात हिरव्या रंगाचा नवा डबा होता. "आणला खरा... पन आता कोणासाठी?"

मुक्ता उठली, भिंतीवरून हात फिरवून आली. "काका, जुना पेपर हाय का? फरशीवर अंथरायला."

दोन रविवार लागले. सलीमभाईंनी जन्मात रोलर धरला नव्हता. निम्मा रंग त्यांच्या दाढीला.

परवा त्यांचा फोन आला. शेजारपाजारचे भिंत बघायला येतात, बसतात, आणि ते सगळ्यांना स्वतः चहा करून देतात. "पूर्वी हिच्यामुळे माणसं यायची," म्हणाले. "आता परत यायला लागली."