दीडपायाची चाल

दाजी, म्हणजे माझ्या बहिणीचे यजमान, घरं रंगवायचे. मी त्यांच्या हाताखाली भिंती घासायचो. एका शाळेचं छत रंगवताना शिडी सरकली आणि त्यांचा डावा पाय कायमचा दोन बोटं आखूड झाला. एक पाय गुडघ्यात वाकवून टाकायचा, खांदा खाली जायचा, मग दुसरा पाय मागून ओढायचा, अशी त्यांची चाल. गल्लीने 'दीडपाय' नाव पाडलं. दाजी म्हणायचे, दीड तर दीड, रंग काय पायाने लावायचाय?

लेकीला मात्र लाज वाटायची. शाळेच्या फाटकाशी येऊ नका, वह्यांच्या दुकानाच्या कोपऱ्यावर थांबा, असं तिने दहाव्या वर्षी बजावलं. फाटकाशी पोरीच्या मैत्रिणींबरोबर चाललेल्या गप्पा संपेपर्यंत दाजी तिथे ताटकळायचे आणि येताना दहा पावलं मागून चालायचे. सहा वर्षं. माझं डोकं फिरायचं. बहीण म्हणायची, पोर आहे, कळेल.

पुढे पोरगी नाचाच्या क्लासला लागली. कॅरिबियन बेटांवरून आलेल्या डान्सहॉल नाचातली एक स्टेप तिला काही केल्या जमेना. गुडघा वाकवायचा, खांदा टाकायचा, पाय मागून ओढायचा. जिला जमेल तीच कार्यक्रमात. पोरीने महिनाभर बाहेरच्या खोलीतली फरशी झिजवली. छातीच्या दुखण्याने अंथरूण धरलेले दाजी खाटेवरून बघायचे. एकदा हसून म्हणाले, "बाळा, हे तर मला येतं. उठू का?"

"ते तुमचं लंगडणं आहे, बाबा. हा नाच आहे."

दाजी कूस बदलून पडून राहिले. तीन आठवड्यांनी गेले.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी दुपारी मी त्याच खोलीत होतो. खाट हलवली होती, तेवढी जागा मोकळी झाली होती. पोरगी पाच-सहा वेळा चुकली आणि भिंतीला टेकली. चार शब्द सुनावावेत असं माझ्या मनात होतं. तिचं तोंड बघून ते गिळले आणि एवढंच म्हणालो,

"बाबा खाटेपासून दारापर्यंत कसे जायचे, आठव."

ती खाटेच्या मोकळ्या जागेत जाऊन उभी राहिली. मग गुडघा वाकला, खांदा खाली गेला, पाय ओढला. हुबेहूब दाजी. फरशीवर पाय घासल्याचा आवाज ऐकून बहीण स्वयंपाकघरातून धावत आली आणि उंबऱ्यावरच मटकन बसली.

पोरगी थांबली नाही. तशीच रस्त्यावर आली, लोक बघत होते तरी पाय ओढत वह्यांच्या दुकानापर्यंत गेली. मी मागून होतो. कोपऱ्यावर उभी राहून तिने शाळेच्या दिशेने मान वळवली, एक पाऊल सरकून पुन्हा पाहिलं. मग रडायला लागली.

"मामा, इथून फाटक दिसतच नाही."