लांडग्याचा निळा झेंडा

“निळ्यावर कुत्रं काढलंय, बघा तरी!” शेजारचे काका खाली कुणाला तरी म्हणाले. मी गच्चीच्या जिन्यात होते, तिथेच थांबले.

वर दोरीवर आमच्या भाडेकरणीचा धुतलेला झेंडा वाळत होता. निळा, मध्ये पांढरं वर्तुळ. विश्रांतवाडीतल्या आमच्या गल्लीत जयंतीला घराघरावर लागतो तसाच. फक्त चक्राच्या जागी लांडग्याचं डोकं.

ती माझ्याच सॉफ्टवेअर कंपनीत रशियन भाषेचं काम करायची. मोल्डोव्हातल्या गागाऊझ या छोट्या जमातीची. सोव्हिएत संघ मोडला तेव्हा तिचे वडील त्या मूठभर लोकांसाठी वेगळा देश मागणाऱ्या पक्षात होते, आणि त्या पक्षाच्या झेंड्यावर लांडगा होता, एवढं तिने डबा खाताना सांगितलं होतं. घरी मी ते बोलले नव्हते. माझ्या शब्दावर पप्पांनी तिला वरची खोली दिली होती, आणि पप्पा सरकारी नोकरीत. तसा माझाही तिच्यावर पुरता विश्वास नव्हता. एसटीडी बूथमध्ये ती काचेकडे पाठ करून बोलायची. मी दिसले की आवाज उतरायचा. वडील पक्षात ‘होते’ की अजून आहेत, हे मी कधी विचारलं नाही.

खाली आले तोवर दारात चारपाच जण जमले होते.

“साहेब, पोरीला इंग्रजी शाळेत घातलीत, आता झेंडाही फॉरेनचा का?” काका पप्पांना म्हणाले. “संध्याकाळपर्यंत खोली रिकामी करा. नाहीतर आम्ही चौकीत जातो, विटंबनेची तक्रार द्यायला.”

“कुणा पोराने काढलं असेल,” पप्पा म्हणाले, आणि माझ्याकडे बघत राहिले.

तेवढ्यात ती जिना उतरून आली. हातात ओला झेंडा. मराठी तिला येत नव्हतं, पण माणसं बघून तिने तो झटकन पाठीमागे लपवला. झालं, सगळ्यांची खात्रीच पटली. ती काहीतरी लपवतेय, अशी माझीही थोडी.

गप्प बसले तर ती आजच रस्त्यावर. खरं बोलले तर ‘फुटीर’ हा शब्द उद्या पप्पांच्या ऑफिसात.

“काका, तो आपला झेंडा नाही,” मी म्हणाले. “तिच्या वडिलांच्या पक्षाचा आहे. वेगळा देश मागत होते ते. आणि कुत्रं नाही, लांडगा आहे. तक्रार द्यायचीच तर माझ्या नावाने द्या, खोली मी मिळवून दिली.”