दोणीतले हात

भुताखेतांच्या गोष्टी निघाल्या की मी कंटाळून पानसुपारी अर्धी टाकून उठणारा माणूस. नंदिगड्ड्याच्या शाळेत मास्तर आहे, मुंज्याच्या पिंपळाखालीच पोरांना उजळणी म्हणायला बसवतो. तेव्हा हे मी लिहावं याचं हसू इतरांआधी मलाच येतं... पण लिहितो.

माझा धाकटा भाऊ परसू सुप्याच्या रानात लाकूडतोडीच्या कामाला होता. उतारावरून ओंडका सुटला तो त्याच्या कमरेवर. जीव वाचला, पाय गेले. बेळगावचे डॉक्टर म्हणाले, "हाड सांधलंय. पायांचं सांगता येत नाही. गरम पाण्यात अंग सैल सोडून हलवत राहा." परसूचं लग्न ठरलेलं होतं. मुलीच्या बापाने शिमग्यापर्यंत थांबायचं कबूल केलं, त्यापुढे नाही.

गुरांना पाणी पाजायची सागवानी दोण आम्ही घासूनपुसून घरामागच्या परड्यात आणली. ओंडका कोरून केलेली, माणूस आडवा मावेल एवढी. दुपारी निर्गुडीचा पाला घालून पाणी तापवायचं, परसूला आत सोडायचं. माझा एक हात त्याच्या मानेखाली, एक कमरेखाली. पाळणा हलवावा तसं हळूहळू झुलवायचं. अंग सैल पडलं की त्याचा चेहरा लहानपणीसारखा दिसायचा, आणि मला भरून यायचं.

एका दुपारी डोळे मिटूनच तो म्हणाला, "अण्णा, पायाकडं कोन हाय?"

"कोन न्हाई रे."

"हाय. घोटा धरलाय. मऊ हात हाईत."

मी पाहिलं. त्याचा उजवा गुडघा सावकाश दुमडला, पोटाशी आला, तसाच सरळ झाला. मग डावा. कुणी जाणतं माणूस व्यायाम देतंय, असं. माझे दोन्ही हात त्याच्याखाली अडकलेले! पाणी हललं असेल, माझाच झोका लागला असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली.

पण रोज तेच. पुढेपुढे कुठल्या बोटाला हात लागला हेही परसू सांगू लागला. आणि एक दिवस बाहेर, कोरड्या चटईवर, त्याचा अंगठा हलला. आम्ही दोघे वेड्यासारखे हसलो. त्या भरात मी अव्वाला सगळं सांगितलं.

अव्वा, म्हणजे आमची आई, पांढरीफटक पडली. "फुकट कोन करतंय? आज पाय देतंय, उद्या माझं प्वारच मागंल!"

तिने गावकाराला बोलावलं. देवापुढे सगळ्या गावाचं गाऱ्हाणं घालण्याचा मान त्याचा. नारळ आला, कोंबडा आला.

"नगं गं अव्वा," परसू खाटेवरून ओरडत होता. "तेनं माझं वाईट काय केलंय?" उठून अडवायला त्याला पाय नव्हते. मी भांडलो, अव्वाचे हात धरले. "तुझं शहाणपण शाळेत ठेव," म्हणाली. गावकाराने दोणीपुढे नारळ फोडून गाऱ्हाणं घातलं... जे कोण आलं असेल त्याने मान घ्यावा, आपल्या ठिकाणी जावं, पुन्हा या घराकडे वळू नये.

दुसऱ्या दिवशी पाणी तेवढंच गरम, पाला तोच. मी झुलवत राहिलो. पाय लाकडासारखे तरंगत होते.

"कोन न्हाई, अण्णा," परसू म्हणाला.

मी बायकोला पायांशी बसवून तसंच दुमडायला लावलं. त्याला कळतही नव्हतं. अंगठाही पुन्हा हलला नाही. शिमगा आला, गेला.

शेवटी अव्वाच गावकाराच्या दारात गेली. "चुकलं माझं. उलटं गाऱ्हाणं घाल, तेला परत बोलव."

गावकार म्हणाला, "घालवायचं गाऱ्हाणं हाय, आक्का. बोलवायचं न्हाई."

आता पाणी अव्वाच तापवते. परसू तिला एका शब्दानेही दोष देत नाही, आणि तेच मला बघवत नाही. हे काय होतं, मला सांगता येत नाही. कोणा वाचकाला ठाऊक असेल तर कळवावं. ते हात कोणाचे होते हे नका सांगू... परत कसे येतील, तेवढं सांगा.