समोरचा रस्ता

पंचेचाळिशीत मला सायकल शिकायची हौस आली आणि टेंभुर्णीच्या रस्त्यावर रोज सकाळी लोकांची करमणूक सुरू झाली. फाट्यावर कापूस वेचायला जाणाऱ्या बायका गाडीची वाट बघत उभ्या असायच्या आणि मला बघून खिदळायच्या. त्यांतली एक मात्र हसायची नाही. साठीची, कपाळ मोकळं, काखेत भाकरीचं गठुडं. ती माझ्याकडे नाही, सायकलच्या मागच्या चाकाकडे बघायची.

एकदा तिच्यासमोरच माझा तोल गेला. तिनं पुढं होऊन सायकल धरली आणि सीटमागची रिकामी जागा हातानं चाचपली.

"मागं क्यारेज न्हाई का हिला?"

"नाही मावशी, ही नुसती फिरायची सायकल आहे."

"मंग मागं बसणाऱ्यानं काय करायचं?" ती पहिल्यांदाच हसली. "आमचे मालक मला बाजारला न्यायचे. लई वर्षं मी ह्याच रस्त्यानं गेले, पण समोरचा रस्ता कधी पाह्यला न्हाई. समोर त्यांची पाठ. आता फाट्यापर्यंत पायी येते, तं सगळा रस्ता दिसून राह्यला. काय करू बघून?"

गाडी आली, ती चढून गेली.

मी कॅरिअर बसवून घेतलं. दुकानदार म्हणाला, या सायकलला शोभत नाही. तोवर वेचणी संपली होती.

आता मागं कुणाला बसवण्याइतका तोल मला सांभाळता येतो. फाटा आला की मी अजूनही सायकल हळू करते. तिथं कुणी नसतं, आणि समोर रस्ता लांबपर्यंत मोकळा दिसतो.