बाईचा सरवा

निरोप आला तेव्हा मी शाळेत मुलांकडून पाढे म्हणवून घेत होतो. वलगावचा गाडीवान दारातूनच म्हणाला, "मास्तर, बाई गेली..." बाई म्हणजे माझी थोरली बहीण. अमरावतीहून वलगाव काही फार लांब नाही. पण त्या दिवशी कापसाच्या गाड्यांनी वाट अडली होती. मी पोचलो तेव्हा चिता विझत आली होती.

त्याला आता महिना होऊन गेला. बाई तरुणपणीच विधवा झाली. शेत नव्हते. पण ज्वारी कापून नेल्यावर मागे पडलेली कणसे गरिबांनी वेचावीत, ही आमच्याकडची जुनी रीत. त्याला सरवा म्हणतात. तो हक्कच होता. पाटील बांधावर उभा असला तरी बाई मान वर ठेवून शेतात शिरे. त्या कणसांवर तिने घर चालवले, मला शिकवले.

तीन उन्हाळ्यांमागे मी वलगावच्या चावडीवर वर्तमानपत्र वाचून दाखवले. समुद्रापलीकडे लढाई पेटून तिकडचा कापूस बंद झाला होता आणि आपल्या कापसाला कधी नव्हता तो भाव येत होता. पाटलाने विचारले, "मंग मास्तर, जवारी पेराची का नाही?" मी म्हणालो, "कशाले? कापूस इका, जवारी इकत घ्या!" सगळ्यांनी माना डोलावल्या. मला बरे वाटले.

घरी भाकरी वाढताना बाई म्हणाली, "भाऊ, जवारीच नाही पेरली त म्या काय येचू?"

"आता कायले येचतं? गावात पैसा येऊन राहिला, बाई."

"कोनाच्या घरी?"

मी हसलो. तीही हसली...

पुढे सारे शिवार पांढरे झाले आणि ज्वारी महागली. बाई मजुरीने कापूस वेचायला जाई. पण तरण्या बायांपुढे तिचा थकलेला हात चालत नसे. पाटलाने गावातल्या विधवांना लुगडी वाटली, हे ऐकून मी आनंदलो. आता कळते, जिथे ती हक्काने जात होती ती जागाच आम्ही पुसून टाकली होती आणि तिच्या हाती दान ठेवले होते. गरिबीचे कारण मी माणसांच्या आळसात, अज्ञानात शोधत आलो. बाई आळशी नव्हती. अज्ञान होते ते माझे. धान्य पाठवू का, असे गाडीवानाकडून एकदा विचारले, तर उत्तर आले, "सारं बरं हाय." मी ते खरे मानले, कारण मला ते खरे हवे होते.

तेरावा झाल्यावर तिचे घर आवरायला बसलो. जात्याभोवती पीठ नव्हते. सरकीची टरफले होती. आमच्याकडे सरकी ढोरांना घालतात.

शेजारची फातमाबी दारात उभी होती. ती म्हणाली, "मास्तर, म्या किती डाव म्हटलं, भावाले कळवा. त बाई म्हने, तो गावाले शहानपन सांगते. त्याचीच बहीन उपाशी निंगाली, त त्याचं कोन आयकन?"